जंक्शनपलीकडचे मिरज

नागपूरच्या इतवारीतील व्यापारी कुटुंबांना मिरज हे नाव नवे नाही. कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घेण्यासाठी हातकणंगल्याला उतरायचे असो, की श्रवणबेळगोळकडे जाण्यासाठी दक्षिणेची गाडी धरायची असो, वाटेत मिरज जंक्शन लागतेच. गाडी थांबते, पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या जातात, सूर्यास्तापूर्वी डबे उघडावेत अशी घाई होते आणि गाडी पुढे निघते. वर्षानुवर्षे या मार्गाने ये-जा करणाऱ्या अनेकांनी मिरजेचा फलाट पाहिला आहे, मिरज मात्र पाहिलेले नाही. स्थानकापासून अगदी जवळ, रिक्षाने काही मिनिटांत पोहोचावे अशा अंतरावर, देशभरातील गवयांच्या पाठीमागे झंकारणारे तंबोरे जेथे घडतात ती गल्ली आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

मिरज हे सीमेवरचे गाव आहे. कर्नाटकाची हद्द येथून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर. कागवाड, उगार, अथणी ही बेळगाव जिल्ह्यातील गावे मिरजेच्या बाजारपेठेवर व रुग्णालयांवर विसंबून असलेली. बाजारात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा इतक्या सहजतेने मिसळतात की, गिऱ्हाईक कोणत्या राज्यातील हे दुकानदार विचारीतही नाही. सांगली, कोल्हापूर व बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला शेतकरी जैन समाजही असाच दुभाषी आहे. विदर्भातील जैन म्हणजे बहुधा पेढीवर बसणारा. कृष्णा-वारणेच्या काठचा जैन हा उसाच्या फडात व हळदीच्या रानात राबणारा. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये याच सीमाभागात, स्तवनिधी येथे झाली. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्मही १८८७ मध्ये कुंभोजलाच झाला. इतके सांगून हा विषय येथेच सोडावयाचा. कारण मिरजेची खरी ओळख कोणत्याही एका समाजाची नाही.

किल्ला, जहागीर आणि रूळ

मिरजेचा किल्ला पाहायला गेलेल्या प्रवाशाची निराशा होण्याचा संभव आहे. हा डोंगरी किल्ला नव्हे, भुईकोट आहे. आणि त्याचा तट व खंदक शहराच्या वाढीत बऱ्याच अंशी गडप झाले आहेत. आतल्या भागात सरकारी कचेऱ्यांची वर्दळ असते. तरीही हे स्थान किती मोलाचे होते हे इतिहासावरून कळते. अफजलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला आणि १६५९ च्या अखेरीपासून आदिलशाहीच्या या ठाण्याला वेढा घातला. सिद्दी जौहर मोठ्या फौजेनिशी चालून येत असल्याची वार्ता आली, तेव्हा मार्च १६६० च्या सुमारास वेढा उठवून महाराजांना पन्हाळ्याकडे वळावे लागले. पन्हाळ्याचा वेढा, जुलैमधील ती पावसाळी रात्र, बाजीप्रभूंची झुंज हे सारे शाळेत शिकविले जाते; त्या कथेची सुरुवात मिरजेच्या तटाखाली झाली हे क्वचितच सांगितले जाते. पुढे मोगल आले आणि १७३९ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी मिरज स्वराज्यात आणले. माधवराव पेशव्यांच्या काळात ते पटवर्धन सरदारांकडे गेले.

पटवर्धनांच्या घराण्यात पुढे वाटण्या झाल्या. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब चुलत्यांशी बेबनाव होऊन मिरजेतून बाहेर पडले आणि त्यांनी सांगली हे आपले ठाणे केले. भाऊबंदकीतून एक नवे शहर उभे राहिले म्हणावयाचे! व्यापारी कुटुंबांना हा प्रकार अपरिचित नाही. एका पेढीच्या दोन होतात, काही काळ बोलणे बंद असते आणि तिसऱ्या पिढीत दोन्ही पेढ्या भरभराटलेल्या दिसतात. सांगलीत या चिंतामणरावांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले व मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. मिरजेने गाणे जोपासले, सांगलीने नाटक. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली. १९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड मिळून एक महापालिका झाली, आणि दोनशे वर्षांपूर्वी विभक्त झालेली दोन घरे कागदोपत्री पुन्हा एकत्र आली.

मिरजेच्या भाग्याला दुसरे वळण दिले ते रेल्वेने. एके काळी येथे रुंद, मीटर व अरुंद अशा तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र येत. पुण्याकडची गाडी, बेळगाव-बंगळुरूची गाडी आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी, तिघींची भेट मिरजेत होई आणि माल एका डब्यातून दुसऱ्यात चढविण्यासाठी हमालांची फौज राबे. आता सर्व मार्ग रुंद झाले. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला पाणी पोहोचविणारी रेल्वे निघाली तीही मिरजेतूनच. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेले, आणि पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. कृष्णेचे पाणी असलेले गाव व रुळांचे जाळे असलेले गाव एकच होते, म्हणून हे घडू शकले.

औषधोपचार आणि गाणे

मिरजेत लोक दोन कारणांनी येत गेले: दुखणे बरे करून घेण्यासाठी आणि गाणे शिकण्यासाठी. गंमत अशी की, ही दोन्ही कारणे कित्येकदा एकाच माणसाच्या चरित्रात आढळतात.

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये मिशनतर्फे भारतात आले आणि त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. शस्त्रक्रियेसाठी त्याची कीर्ती एवढी पसरली की, दूरदूरच्या संस्थानांतून रुग्ण येऊ लागले. सांगली-मिरज रस्त्यावरील वॉन्लेसवाडी हे नाव त्यांचीच आठवण आहे. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथे सुरू झाले. आजही सीमेपलीकडील कानडी मुलखातून येणाऱ्या बसगाड्यांत हातात एक्स-रेची मोठी पाकिटे घेतलेली माणसे दिसतात.

वॉन्लेस यांच्या रुग्णालयापूर्वीचीच एक हकिकत. जवळच्या कुरुंदवाड संस्थानात १८७२ मध्ये जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुसकर या मुलाचे डोळे दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेस डॉ. भडभडे यांच्याकडे आणले गेले. दृष्टी पुरती सुधारली नाही, शालेय शिक्षण अशक्य झाले. तेव्हा गोड गळ्याच्या या मुलाने गायन शिकावे असे ठरले. मिरजेत त्या वेळी पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरला जाऊन, अपार कष्ट सोसून, तेथील ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे ते गुरू. विष्णूने त्यांच्याकडे अनेक वर्षे तालीम घेतली.

पुढे त्याने मिरज सोडले त्यामागे एक प्रसंग सांगितला जातो. गावातील एका समारंभाचे निमंत्रण राजाश्रय असलेल्या या तरुणाला आले. त्याच्या गुरूंना मात्र आले नाही. विचारणा केली तेव्हा ‘ते तर गवई’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ज्याच्या विद्येची समाजाला गोडी आहे त्या माणसाला पंक्तीत स्थान नाही, हे पलुसकरांच्या मनाला लागले. १८९६ मध्ये ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे राजवाड्यातून व कोठीतून बाहेर आणून मध्यमवर्गाच्या घरात, शाळेच्या वर्गात, राष्ट्रीय सभेच्या मंडपात नेण्याचे काम त्यांनी केले. आज नागपुरात कोणाच्याही घरची मुलगी संगीताच्या परीक्षेला बसते तेव्हा तिच्या वडिलांना त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ही गोष्ट अशक्यप्राय होती, आणि तिचे एक मूळ मिरजेतील त्या अपमानात आहे.

१८९८ मध्ये जन्मलेले विनायकराव पटवर्धन मूळ मिरजेचे; पलुसकरांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी पुण्यात तीच परंपरा पुढे नेली. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळींच्या ‘शाकुंतला’त शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले तेही मिरजेत, १९०५ मध्ये.

तथापि मिरजेचे नाव ज्यांच्याशी कायमचे जोडले गेले ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. उत्तर प्रदेशातील किराणा हे त्यांचे मूळ गाव. मिरज ही त्यांनी स्वतः निवडलेली भूमी. प्लेगच्या आजारातून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आपण बरे झालो अशी त्यांची श्रद्धा होती आणि ते येथेच स्थिरावले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेतच झाला. कुलीन स्त्रीने तिकीट लावून जाहीर मैफल करणे ज्या काळात अघटित समजले जाई त्या काळात हिराबाई व्यासपीठावर बसून गायल्या. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हे धारवाडकडचे. आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. हे सर्व कानडी मातृभाषेचे कलावंत मराठी श्रोत्यांचे आराध्य झाले. भाषावार प्रांतरचनेने नकाशावर जी रेघ ओढली ती या गायकीने कधी मानलीच नाही.

खाँसाहेब केवळ गात नसत, सुराचा शोध घेत असत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी भारतीय संगीतातील बावीस श्रुतींची गणिते मांडण्याचा उद्योग आरंभिला होता. त्याला जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांची साथ होती. या दोघांच्या प्रयोगांसाठी खाँसाहेबांनी आपला गळा व आपली वीणा दिली. एक महसूल अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश व एक मुसलमान गवई सूक्ष्म स्वरांतरे मोजीत बसले आहेत, हे चित्र त्या काळातील सरकारी कचेऱ्यांच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले असता गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमल कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले, फलाटावर बैठक घातली, प्रार्थना केली आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. २७ ऑक्टोबर ही ती तारीख. त्यांचे पार्थिव मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दरवर्षी उरुसाच्या सुमारास दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. गायक-वादक तेथे ‘कार्यक्रम’ करीत नाहीत, हजेरी लावतात. श्रोता जमिनीवर बसतो, शेजारी कोण आहे हे पाहात नाही. उरुसातील पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, ही प्रथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भोपळ्याचे अर्थशास्त्र

मिरजेला भेट देणाऱ्याने किल्ला चुकविला तरी चालेल, परंतु सतारमेकर गल्ली चुकवू नये. दुकानाच्या पुढच्या भागात तयार वाद्ये टांगलेली, मागे कारखाना. छताला वाळलेले भोपळे लोंबत असतात आणि खाली भुश्शात बसून कोणी तरी दांडीला रंधा मारीत असतो.

हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे व हत्यारे घडविणारे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल स्थिरावला, तलवारींचे दिवस संपले आणि त्यांचा धंदा बसला. दरबारातील गवयांची उत्तरेकडून आलेली वाद्ये नादुरुस्त होत, ती दुरुस्त करावयास जवळपास कोणी नसे. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने हे काम अंगावर घेतले, दुरुस्ती करता करता वाद्याची अंतर्रचना समजून घेतली आणि नवी वाद्ये घडविण्यास प्रारंभ केला, असे या घराण्यात सांगितले जाते. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या हाच व्यवसाय करीत आहेत. बाजार बुडाला म्हणून रडत न बसता हातातील कौशल्य दुसऱ्या मालाकडे वळविणे, हे कोणत्याही जातिवंत व्यापाऱ्याला दाद द्यावेसे वाटेल असेच आहे.

तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा नव्हे. तो कडू असतो, खाण्याच्या कामाचा नसतो. पंढरपूर-मंगळवेढे परिसरातील काही शेतकरी तो खास वाद्यांसाठी पिकवितात. फळ वेलीवरच जून होऊ द्यावे लागते, ते डागळता कामा नये, एका बाजूने चपटे होता कामा नये. खरेदी घेर मोजून होते. घेर जितका मोठा व आकार जितका डौलदार, तितका भाव चढा. मिरजेत आणल्यावर तो महिनोन् महिने वाळवितात, मग पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर व बिया खरवडून काढतात आणि आतून काड्यांचे आधार देऊन हवा तो आकार देतात. त्यावर तून लाकडाचा गळा व दांडी, पुढे तबली, मग नक्षी, पॉलिश, खुंट्या व तारा.

इतके झाले तरी वाद्य अद्याप मुकेच असते. त्याला बोलते करणारी क्रिया म्हणजे जवारी. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा पृष्ठभाग कानसेने इतका सूक्ष्म घासावयाचा की, तार तिला टेकतेही आणि टेकतही नाही. मग तारेखाली दोऱ्याचा बारीकसा धागा सरकवून नेमकी जागा शोधावयाची. जागा सापडली की, चार तारांतून चारच नव्हे तर अनेक स्वरांचा झंकार उठतो. न छेडलेला गंधारही स्पष्ट ऐकू येतो. हे काम मापाने होत नाही, कानाने होते. ज्याचा कान तयार नाही त्याला कितीही चांगली हत्यारे दिली तरी जवारी लागत नाही, आणि हा कान तयार होण्यास दहा-वीस वर्षे जातात.

जैन ग्राहकाने येथे एक प्रश्न आवर्जून विचारावा. पूर्वी घोडीसाठी सांबरशिंग वा उंटाचे हाड आणि सजावटीसाठी हस्तिदंत वापरण्याची पद्धत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सांबरशिंग व हस्तिदंत यांचे मार्ग बंद झाले. आज शिसवी वा आबनूस लाकूड व कृत्रिम पदार्थ यांच्या घोड्या मिळतात आणि नक्षी सेल्युलॉइडची असते. हाड नको असल्यास तसे आधी सांगावे. कारागीर आनंदाने दुसरी घोडी बसवितात.

आता या धंद्याचा हिशेब पाहावा. भोपळा हंगामात एकदाच मिळतो, तेव्हा वर्षाची खरेदी एकदम करावी लागते. लाकूड जितके मुरलेले तितके उत्तम. म्हणजे ते घेऊन वर्षानुवर्षे ठेवावे लागते. वाळताना काही भोपळे तडकतात, ते नुकसान कारागिराचे. वाद्य तयार झाल्यावर गिऱ्हाईक येईपर्यंत वाट पाहावयाची. किराणा व्यापारात वर्षातून पैसा कित्येक वेळा फिरतो. येथे तो एकदा फिरला तरी पुष्कळ. अशा धंद्याला खेळते भांडवल पुरविताना बँकेचे प्रचलित नियम अपुरे पडतात. दर महिन्याच्या साठापत्रकात छताला टांगलेल्या भोपळ्याची किंमत काय लिहावी? तो उद्या तडकला तर तिचे काय? आणि कारखान्यातील सर्वांत मौल्यवान मालमत्ता, म्हणजे उस्तादाचा कान, ही तारण म्हणून कोणत्या रकान्यात दाखवावी? नियम करणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांनी डोळ्यांपुढे कापडाची गठडी ठेवून नियम केले आहेत. परिणाम मात्र असा होतो की, कारागीर मोठी ऑर्डर घेण्यास कचरतो आणि मधला व्यापारी आगाऊ रक्कम देऊन भाव पाडून घेतो.

२०२३ मध्ये केंद्र शासनाने कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना जाहीर केली. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत अस्त्रकार आहेत. वाद्य घडविणारे असा स्वतंत्र व्यवसाय नाही. फरीदसाहेबांचे पूर्वज त्या यादीत सहज बसले असते, वंशज बसत नाहीत! सुदैवाने हस्तनिर्मित देशी वाद्यांना जीएसटीतून सूट आहे, हा दिलासा लहान नव्हे.

खरे आव्हान तिसऱ्याच दिशेने आले आहे. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी तयार केलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा गेल्या शतकाच्या अखेरीस घरोघर गेला आणि आता तर तो भ्रमणध्वनीतच फुकट मिळतो. विद्यार्थ्याची त्याने मोठी सोय केली हे मान्य केले पाहिजे. दोन खोल्यांच्या सदनिकेत पाच फुटी तंबोरा ठेवावयाचा कोठे, तो प्रवासात न्यावयाचा कसा, रोज जुळवावयाचा कोणी, हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु यंत्र एका ठरावीक चक्रात फिरते. तंबोरा छेडणारे बोट गवयाबरोबर श्वास घेते. शिवाय जो विद्यार्थी स्वतः तंबोरा जुळवीत नाही त्याचा कान सुरात पक्का होण्यास अडथळा येतो, ही जुन्या गुरूंची तक्रार दुर्लक्षिण्यासारखी नाही. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांकडून होणारी स्वस्त तंबोऱ्यांची मागणी, जिच्यावर कारखान्याचा रोजचा खर्च भागत असे, ती यंत्राने खाल्ली. उरले ते वर्षानुवर्षे वाट पाहून उत्तम वाद्य घेणारे मोजके कलावंत व परदेशातील ग्राहक. मिरजेतील तरुणांपुढे म्हणूनच प्रश्न आहे: वडिलांजवळ बसून वीस वर्षे कान घडवावा, की पुण्यात नोकरी धरावी?

अशा वेळी २०२४ मध्ये मिरजेची सतार व मिरजेचा तानपुरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूरच्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगावयास नको. नागपुरी संत्र्याला ते २०१४ मध्ये मिळाले आहे आणि दुसरीकडचे फळ नागपुरी म्हणून खपविले जाते तेव्हा काय होते हेही त्यांना ठाऊक आहे. मानांकन हे नाव राखते, माल विकून देत नाही. ते दहा वर्षांसाठी असते, नूतनीकरण करावे लागते, आणि प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे लागते. नोंदणीत हयगय झाली तर प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि दिल्ली-मुंबईच्या दुकानात भलताच तंबोरा ‘मिरजी’ म्हणून विकला जातो. संत्र्याच्या बाबतीत विदर्भाला जे पुरते जमले नाही ते मिरजेला जमते का, हे आता दिसेल.

पलुसकरांनी गवयाला मान मिळवून दिला. वाद्य घडविणाऱ्याला तो अद्याप मिळावयाचा आहे. मैफलीच्या पत्रिकेत तबलजीचे, संवादिनीवाल्याचे, ध्वनिव्यवस्थेचे, फुलांची सजावट करणाऱ्याचेही नाव असते. ज्या तंबोऱ्यावर सारी मैफल उभी असते तो कोणी घडविला, हे छापण्याची पद्धत नाही. नागपुरात संगीत महोत्सवांना देणग्या देणारी व्यापारी घराणी थोडी नाहीत. त्यांनी आयोजकांना एवढी एक ओळ वाढविण्यास सांगितले तर खर्च शून्य आहे.

नागपूरचे मिरजेशी नाते तसे जुनेच आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांचे बालपण व पहिली तालीम नागपुरातील. त्यांचे गुरू शंकरराव सप्रे हे ग्वाल्हेर परंपरेचे, जी बाळकृष्णबुवांनी महाराष्ट्रात रुजविली. पुढे वसंतरावांनी सुरेशबाबू माने यांच्याकडेही शिक्षण घेतले, आणि सुरेशबाबू हे अब्दुल करीम खाँ यांचे पुत्र. मिरजेच्या दोन्ही धारा अशा रीतीने एका नागपूरकराच्या गळ्यात एकत्र आल्या.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून थेट मिरजेस नेते. प्रवास सुमारे एका दिवसाचा, पुण्यामार्गे. पंढरपूर-लातूर मार्गाने जाणारी कोल्हापूर गाडीही आहे, मात्र ती रोज नसते, तेव्हा वेळापत्रक पाहून निघावे. मुक्काम मिरजेत वा दहा-एक किलोमीटरवरील सांगलीत करता येतो. सांगलीस हळदीचा बाजार पाहावा. २०१८ मध्ये तेथील हळदीलाही मानांकन मिळाले आहे. जवळच्या हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे तेथे होती. २००५ च्या महापुरात त्यांतील कितीतरी पेवे व त्यांतील माल नष्ट झाला. उरलेली पाहून आपल्या पूर्वजांनी गोदामाचे भाडे कसे वाचविले याची कल्पना येते. कुंभोजची २८ फुटी संगमरवरी बाहुबली मूर्ती याच फेरीत होते. दर्ग्यातील संगीत सभा ऐकावयाची तर उरुसाची तारीख आधी विचारून ठेवावी, कारण ती चांद्रमासाप्रमाणे बदलते.

तंबोरा घ्यावयाचा असल्यास गल्लीत शिरताच किंमत विचारू नये. ती काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत असते आणि घासाघीस करण्याची तेथे फारशी सोय नाही. कारागीर प्रथम विचारतो तो प्रश्न वेगळाच असतो: कोण गाणार, आणि पट्टी कोणती? पुरुषाच्या गळ्यासाठी मोठ्या घेराचा व लांब दांडीचा, स्त्रीच्या गळ्यासाठी आटोपशीर, असे मूळ मापच बदलते. तेव्हा घरातील गाणाऱ्या मुलीला बरोबर न्यावे आणि तिला तेथे ‘सा’ लावावयास सांगावे.